केळं म्हणजे डिस्टिंक्शन

"आज कशी झाली?"

माझ्या वडिलांना एखाद्या शिकलेल्या बाईने बसायला खुर्ची दिली, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि मग गंभीर चेहऱ्याने असं विचारलं, ही त्यांच्या आयुष्यातली पहिलीच वेळ होती. वडील एका कंपनीत हेल्पर होते. चौदा एप्रिलला घालायचा पांढरा शर्ट घालून, माझ्या मार्कशीटची फाईल छातीशी धरून, ते अंबरनाथला माझ्यासाठी खोली बघायला आले होते.

"काय, मॅडम?"

"शौचाला. सकाळी. कशी झाली?"

वडील उभे राहिले. साहेबाने काही विचारलं की ते उभं राहूनच उत्तर देत. "चांगली झाली, मॅडम. एकदाच झाली."

"घट्ट?"

"घट्ट, मॅडम."

"पाणी कुठलं पिता?"

"विहिरीचं."

"उकळून?"

आता मात्र वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाईलकडे पाहिलं. फाईलमध्ये या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मग वडील म्हणाले, "हितून पुढं उकळू, मॅडम."

"मग मुलगी राहू दे," त्या म्हणाल्या, आणि खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

त्याआधी त्याच दिवशी आम्ही दोन ठिकाणी जाऊन आलो होतो. दोन्हीकडे आडनाव विचारलं गेलं होतं, आणि ते सांगताच दोन्हीकडच्या खोल्या नेमक्या कालच गेल्या होत्या. या बाईंनी आडनावाच्या आधी पोटाचं विचारलं, आणि आडनावाचं राहूनच गेलं. गावी परतताना वडील एसटीत म्हणाले, "बाई चांगल्या आहेत. जरा येगळ्या आहेत, पण चांगल्या आहेत."

आमचं गाव बदलापूरपासून बरंच आत. दिवसाला दोन एसट्या, त्यातली एक कधीमधी. कॉलेज उल्हासनगरला. घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं, आणि मला बी.ए. व्हायचं तर अंबरनाथला खोली घेऊन राहणं भाग होतं. अंबरनाथ पश्चिमेला, स्टेशनपासून दहा मिनिटांवर, एका बैठ्या चाळीतल्या दोन खोल्या त्या बाईंच्या मालकीच्या होत्या. एकीत त्या राहत, दुसरीत आम्ही दोघी मुली.

सगळे त्यांना सिस्टर म्हणत. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती, आणि त्यातली बरीचशी जुलाबाच्या वॉर्डात. रिटायर झाल्यावर माणसं देवाधर्माला लागतात, सिस्टर जुलाबाला लागल्या. म्हणजे नोकरीत आठ तास करायच्या, ते आता दिवसभर करू लागल्या.

चाळीतली मुलं त्यांना चिमटा सिस्टर म्हणत, तेही कारणाने. कुणीही भेटलं की सिस्टर त्याचा हात हातात घेत. समोरच्याला वाटे, माया आहे. तेवढ्यात त्या मनगटाच्या वरची कातडी चिमटीत धरून उचलत, सोडून देत आणि ती किती वेळात खाली बसते ते डोळे बारीक करून बघत. झटकन बसली तर अंगात पाणी आहे. तंबूसारखी उभी राहिली तर, "कुठे निघालात? बसा. पाणी प्या." लहान मुलांच्या पोटाला चिमटा घेत. पोस्टमन त्यांच्याकडे पत्र द्यायला यायचा तो बाही मनगटापर्यंत ओढून आणि पत्र दोन बोटांत लांब धरून.

"कशी आहेस?" हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. कायम "आज कशी झाली?" भाजीवाल्याला, गॅसवाल्याला, चाळीतल्या एका लग्नात स्टेजवर जाऊन नवऱ्या मुलालासुद्धा. आणि 'बरी झाली' हे उत्तर त्यांना चालत नसे. बरी म्हणजे काय? त्यासाठी त्यांनी एक मोजपट्टी केली होती, जी आमच्या चाळीत लहान पोरांनाही पाठ होती:

"केळं म्हणजे डिस्टिंक्शन. मऊ भात म्हणजे फर्स्ट क्लास. पिठलं सेकंड क्लास. आमटी पास क्लास. आणि ताक म्हणजे नापास, डायरेक्ट दवाखाना."

या मोजपट्टीमुळे त्यांचं म्हणणं कुणी कधी विसरलं नाही हे खरं. पण माझी खोलीतली मैत्रीण सुनंदा आणि मी, आम्ही दोघींनी पिठलं खाणं वर्षभर सोडलं होतं, हेही खरं.

सुनंदा रत्नागिरीकडची. उल्हासनगरच्या कॅम्प तीनला जीन्सच्या एका कारखान्यात धागे कापण्यापासून सुरुवात करून ती पॅकिंगपर्यंत पोचली होती. तोंडाची फटकळ. पहिल्या आठवड्यात ती मला म्हणाली, "बघ यार, मालकीणबाई भाड्याचं विचारत नाही, पण संडासातून आलीस की रिझल्ट विचारते. टेन्शन नको घेऊ. फर्स्ट क्लास सांगायचं आणि सटकायचं. डिस्टिंक्शन सांगितलंस तर काय खाल्लंस ते विचारत बसते."

हात धुण्याचीही सिस्टरांची स्वतःची पद्धत होती. साबण लावून नुसतं चोळलं न चोळलं करून भागत नसे. साबण लागल्यापासून आपलं पूर्ण नाव आणि संपूर्ण पत्ता मोठ्याने म्हणायचा, सावकाश, पाकिटावर लिहितात तसा. पत्ता संपेपर्यंत चोळायचं. मग पाणी. "घड्याळ सगळ्यांकडे नसतं," त्या म्हणायच्या, "पत्ता सगळ्यांकडे असतो."

सुनंदाचा पत्ता म्हणजे एक प्रवासच होता. नाव, वडिलांचं नाव, लांबलचक आडनाव, वरची वाडी, देवळाच्या मागे, मुक्काम, पोस्ट, व्हाया, तालुका, जिल्हा, पिनकोड. तो म्हणेपर्यंत तिचे हात कोपरापर्यंत स्वच्छ होत. माझी पाळी आली तेव्हा मी खाली बघून पुटपुटले. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मुक्काम, तालुका अंबरनाथ, जिल्हा ठाणे. संपलं.

आडनाव ऐकल्यावर काय होतं ते मी एकाच दिवसात दोनदा पाहिलं होतं. मी साबणाचे हात तसेच धरून उभी राहिले.

सिस्टरांनी कपाळाला आठी घातली. "आखूड आहे गं आडनाव तुझं," त्या म्हणाल्या. "तू दोनदा म्हण."

माझ्या आडनावावर त्यांनी केलेली ही पहिली आणि शेवटची टीका.

त्यांच्या स्वयंपाकघरात एक लिटरच्या खुणेची एक काचेची बाटली होती. खूण लाल नेलपॉलिशने केलेली. सिस्टरांच्या आयुष्यात नेलपॉलिशचा तेवढाच उपयोग झाला. शेजारी चहाचा चमचा आणि कंपासपेटीतली पट्टी. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा भरला की त्यावरून पट्टी फिरवायची. "सपाट! डोंगर नको!" मीठ जास्त झालं तर औषधाचं विष होतं, म्हणून शेवटी चव घेऊन बघायची. पाणी डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा जास्त खारट लागता कामा नये, हा नियम. जास्त लागलं तर ओतून द्यायचं.

आता डोळ्यांतल्या पाण्याची चव किती असते, हे कुणाला नेमकं आठवतंय? सिस्टरांना तर रडूच येत नसे. "ड्युटीत वापरून संपलं," असं त्या सांगत. म्हणून आधी त्या एक कांदा चिरायच्या. डोळ्यांतून पाणी आलं की ते बोटावर घ्यायचं, चाखायचं, मग बाटलीतलं चाखायचं. पण त्यांच्या मनात एक शंका कायमची घर करून होती. कांद्याचं पाणी आणि खऱ्या रडण्याचं पाणी, दोन्ही सारखंच खारट असतं का? चाळीत कुणी रडत असलं की सिस्टर चमचा घेऊन हजर होत. पण चमचा बघून माणसाचं रडणं थांबायचं, नाहीतर हसू यायचं. एकदा चाळीतली एक सून माहेरची आठवण काढून छान रडत होती. सिस्टर पोचेपर्यंत तिने पदराने पुसून टाकलं. सिस्टर हळहळत परत आल्या. "एवढं चांगलं रडली, सगळं वाया."

बाहेर त्या गेल्या की लोक सावध होत. कॅम्प तीनच्या बाजारात एका सिंध्याची फालुद्याची गाडी होती. सिस्टर गल्लीच्या तोंडाशी दिसल्या की गाडीवाला बर्फाची लादी गोणपाटाने झाकायचा.

"भाईसाब, बरफ झाकू नको, हात दिखाव," सिस्टर म्हणायच्या. "सीधा नहीं, पलटी करके. ये नखून में क्या है? खेती करता है क्या?"

"साईं, आप मत खाओ," तो हात जोडून म्हणायचा, "लेकिन कस्टमर को तो खाने दो!"

"कस्टमर कल संडास में बैठेगा, तब तू पानी देने आयेगा?"

गिऱ्हाईक चमचा खाली ठेवून निघून जायचं. गाडीवाला कपाळावर हात मारायचा. दुसऱ्या दिवशी त्याने नखं कापलेली असायची, हेही सांगायला हवं.

आणि चाळीतल्या त्याच लग्नात, नवऱ्या मुलाला विचारून झाल्यावर, सिस्टर पाण्याच्या पिंपाकडे गेल्या. पर्समध्ये काचेची छोटी नळी आणि औषधाची बाटली कायम असे. नळीत पाणी घ्यायचं, दोन थेंब टाकायचे. पिवळं झालं तर पाण्यात क्लोरीन आहे, पाणी प्यायला हरकत नाही. सिस्टरांनी नळी उजेडात धरली आणि आनंदाने ओरडल्या, "पिवळं! पिवळं झालं!" बँडवाले थांबले. मुलीच्या मामाला वाटलं, काहीतरी विधी राहिला. तो धावत येऊन म्हणाला, "अहो सिस्टर, हळद काल झाली!"

नदीला मोठा पूर आला त्या वर्षी त्या आमच्या गावीही येऊन गेल्या. विहिरीत औषध टाकलं आणि विहारात बायकांना जमवून साखर-मिठाच्या पुड्या वाटल्या. पूर्ण पुडी, पूर्ण लिटर, एका दिवसात संपवायचं, उरलं तर फेकायचं, लहान मुलांना दवाखान्यातून झिंकच्या गोळ्या आणून चौदा दिवस द्यायच्या, असं दहादा सांगितलं. बायकांनी दहादा माना डोलावल्या. आठवड्याने कळलं की एकीने पुडी पुरवून पुरवून चार दिवस वापरली होती, आणि आमच्या शेजारच्या काकूंनी जुलाब नसताना तिचं सरबत करून जावयाला दिलं होतं. जावयाला आवडलं होतं. सिस्टरांनी डोकं धरलं. मग हसत म्हणाल्या, "जाऊ दे, जावई तरी ओला राहिला."

आता मला माझ्या मूर्खपणाकडे यायला हवं.

टीवायचा शेवटचा पेपर होता. तो झाला की मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. तो चुकला तर वर्ष गेलं, आणि दुसरं वर्ष मला मिळणार नव्हतं. धाकटा भाऊ दहावीला होता, आणि वडिलांनी सरळ सांगितलं होतं, "तुझं झालं की त्याचं." पेपर दुपारी तीनचा. तो संपला की मला ट्रंकेसकट घरी न्यायला वडील सकाळीच येणार होते.

आदल्या संध्याकाळी सुनंदा म्हणाली, "चल, डोकं तापलंय तुझं. फालुदा खाऊ."

"सिस्टरांना कळलं तर?"

"सिस्टर काय सीआयडी आहे?"

शेअर रिक्षाने आम्ही कॅम्प तीनला गेलो. गाडीवाल्याने आमच्या मागे नीट बघून खात्री केली. "आज सिस्टर नहीं? बैठो, बैठो!" शेजारी नळ होता. सुनंदाने साबणाची वडी पर्समधून काढली आणि भर बाजारात खड्या आवाजात वरच्या वाडीपासून पिनकोडपर्यंत सगळं म्हटलं. लोक बघायला लागले. माझ्याच्याने होईना. बाजारात, एवढ्या माणसांत, आपलं नाव-आडनाव ओरडून कोण सांगणार? मी ओढणीला हात पुसले आणि बसले. शेव संपल्यावर तळाशी राहिलेला सब्जा तर मी बोटाने पुसून खाल्ला.

सकाळी सहाला सुरू झालं.

आमच्या गावात अशा वेळी पाणी बंद करतात. आई म्हणायची, घड्याला भोक पडलंय तर वरून पाणी कशाला ओतायचं? सिस्टरांच्या हाताखाली तीन वर्षं काढलेली मी, पोट बिघडल्यावर आईचीच झाले. पाण्याचा थेंब घेतला नाही. दोन टोस्ट कोरडेच चावले. हिशेब सोपा होता. आत काही गेलं नाही तर बाहेर काय येणार? आणि सिस्टरांना सांगायची सोय नव्हती, कारण फालुदा सांगावा लागला असता. सुनंदाला मी जुलाब बंद करणारी गोळी आणायला पिटाळलं आणि इतिहासाचं पुस्तक उशाशी घेऊन पडले.

नऊ वाजता दारात सिस्टर उभ्या. "सकाळपासून संडासाची कडी सात वेळा वाजली. या संडासाला नऊ माणसं, आठ मी मोजून बाजूला काढली. उरलीस तू. कशी झाली?"

"फर्स्ट क्लास," मी म्हणाले.

त्यांनी माझा हात उचलला आणि चिमटा घेतला. कातडी उभी राहिली आणि बसायचं नावच घेईना. आम्ही दोघी तिच्याकडे बघत राहिलो.

"खरं सांग."

"ताक," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. पेपर, वडील, भाऊ, फालुदा, सगळं एकदम बाहेर आलं.

सिस्टरांचा चेहरा उजळला. "पाणी येतंय! डोळ्यांतून पाणी येतंय! शाबास! अगं, अंग अगदी सुकलं असतं तर डोळे कोरडे राहिले असते. रड! पुसू नकोस!" आणि त्या धावत जाऊन चमचा घेऊन आल्या. माझ्या गालाला चमचा लावून त्यांनी दोन थेंब गोळा केले, डोळे मिटून आधी एक चाखला, मग दुसरा.

"सारखंच आहे," अखेर त्या म्हणाल्या. "कांद्याचं आणि खरं. अगदी सारखं. इतकी वर्षं माझं बरोबर होतं."

आपण रडतोय हे मी विसरूनच गेले.

तेवढ्यात सुनंदा गोळी घेऊन आली. सिस्टरांनी ती तिच्या हातातून काढून घेतली. "चोर घरात शिरलाय आणि तुम्ही बाहेरून कडी लावताय. फालुदा दोघींनी खाल्ला ना? मग हिला का नाही झालं?"

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. फालुद्याचं यांना कळलं कसं?

"जिभेवर अजून गुलाबी आहे तुमच्या. हात कुणी धुतले?"

"मी धुतले," सुनंदा म्हणाली. "पिनकोडसकट."

"आणि तू?"

"ओढणीला पुसले."

"मग फालुद्याला शिव्या नकोत. ओढणी भिजत टाक."

आणि घड्याचं मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग, घडा रिकामा झाला तर नुसता पडून राहतो. माणूस रिकामा झाला तर तडकतो." मग लाल खुणेची बाटली आली. घोट घोट, गटागट नाही. प्रत्येक कडीनंतर एक ग्लास. मध्ये मऊ खिचडी, कारण उपाशी पोट लवकर बरं होत नाही. ताप नाही, रक्त नाही, उलटी नाही, हे विचारून झालं. आणि मग त्यांनी निकाल दिला.

"बाराच्या आत लघवी झाली तर पेपर. नाही झाली तर रिक्षा दवाखान्याकडे. मग तू ग्रॅज्युएट हो नाहीतर होऊ नकोस."

दहाला वडील आले. तोच पांढरा शर्ट. सिस्टरांनी त्यांना बाहेर ओट्यावर खुर्ची दिली आणि कशाची वाट बघायची आहे ते स्पष्ट शब्दांत सांगितलं. वडील ताठ बसून राहिले. साडेदहाला शेजारचे काका येऊन बसले. अकराला पोस्टमन आला आणि कशासाठी सगळे बसलेत ते कळल्यावर तोही थांबला. कंपनीत संपाचा निकाल लागायचा होता तेव्हा माणसं गेटवर जशी बसली होती तशी ती बसली होती, असं वडील पुढे अनेक वर्षं सांगत.

मी पीत होते आणि पुस्तक वाचत होते. एक शब्द डोक्यात शिरत नव्हता. तीन वर्षांचं शिक्षण कुठे येऊन अडकलं होतं!

पावणेबाराला मी उठले. कडी वाजली. मी बाहेर आले आणि सिस्टरांकडे बघून होकारार्थी मान डोलावली.

"झाली!" सिस्टर ओट्यावर येऊन म्हणाल्या.

पोस्टमनने टाळी वाजवली. वडील उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "लई उपकार झाले, मॅडम."

पेपरला आम्ही चौघं गेलो. मी, वडील, सुनंदा आणि बाटली घेतलेल्या सिस्टर. वर्गाच्या दाराशी सुपरवायझर सरांनी अडवलं. बाटली आत चालणार नाही. मध्ये उठून जाता येणार नाही. आणि पालकांनी गेटच्या बाहेर थांबायचं. सर उंच, कडक, घामाघूम. सिस्टरांनी वाद घातला नाही. त्यांनी सरांचा हात हातात घेतला. मला पुढचं दिसायला लागलं आणि मी डोळे मिटले.

"सर," चिमटा सोडून सिस्टर हळूच म्हणाल्या, "कधीपासून आहे?"

सरांनी इकडे तिकडे पाहिलं. "परवापासून," ते कुजबुजले. "एका बारशाला गेलो होतो."

"कशी?"

सरांना मोजपट्टी माहीत नव्हती. सिस्टरांनी समजावून सांगितली. सरांनी विचार केला. "आमटी," ते म्हणाले. "कालपर्यंत ताक होतं."

"आणि पाणी प्यायचं सोडलंय."

"सोडलंय. ड्युटी आहे ना."

सिस्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिच्यासारखेच शहाणे आहात."

मग बाटली आत गेली. एक माझ्या बाकावर, आणि सुनंदाने ऑफिसातून साखर-मीठ मागून पट्टीने सपाट करून बनवलेली दुसरी सरांच्या टेबलावर. तीन तासांत मी दोनदा उठले, प्यूनबाई बरोबर आल्या. दुसऱ्या खेपेला कॉरिडॉरमध्ये सर समोरून येत होते. त्यांनी भुवया उंचावून विचारलं. मी म्हणाले, "पिठलं, सर." ते म्हणाले, "माझंही." आणि आम्ही आपापल्या जागी गेलो. खिडकीतून दिसत होतं, गेटपाशी सिस्टर दोन शिपायांना कॉलेजची टाकी किती दिवसांनी धुता ते विचारत होत्या, आणि शिपाई मागे मागे सरकत होते.

जूनमध्ये निकाल लागला. मार्कशीट घेऊन मी आणि वडील आधी अंबरनाथला गेलो, मग घरी. सिस्टरांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली. "सेकंड क्लास," त्या म्हणाल्या. "पिठलं." मग जरा थांबून, "त्या दिवशीच्या मानाने चांगलंच घट्ट आहे."

जेवायला त्यांनी पिठलंच केलं होतं. मी मुकाट ताटं घेतली. सुनंदाने पाट मांडले.

"आधी हात," सिस्टर म्हणाल्या.

वडील ओट्याच्या कडेला बादलीपाशी बसले. चाळीत पाणी दिवसाआड यायचं, आणि सिस्टर तांब्यातांब्याचा हिशेब ठेवायच्या. वडिलांनी साबण लावला. वाटलं, ते स्वतःचं नाव म्हणतील. त्यांनी माझं म्हटलं. सगळ्या चाळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने त्यांनी माझं नाव म्हटलं, मग स्वतःचं, मग आमचं ते आखूड आडनाव, आणि मग जरा थांबून, साबणाच्या हातांनी हवेत अक्षरं उमटवत, "बी.ए." मग मुक्काम, तालुका, जिल्हा.

"आता पुरेसा लांब झाला," सिस्टर म्हणाल्या. "एकदा म्हटलं तरी चालेल."

वडिलांनी ऐकलं नाही. त्यांनी पुन्हा साबण घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. शेजारचे काका दारात आले. वडील तिसऱ्यांदा म्हणायला लागले, आणि 'बी.ए.'पाशी पोचेपर्यंत बादली रिकामी झाली. ते साबणाचे हात धरून तसेच बसले.

सिस्टर आत गेल्या आणि दुसरी बादली घेऊन आल्या.